मूकपटाचा मध्यान्ह

रत्नागिरीच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले मालगुंड हे गाव मराठी वाचकांस केशवसुतांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावाचा, आणि त्याच्या आगेमागे किनाऱ्याला बिलगून असलेल्या सगळ्याच गावांचा, मुंबईशी जो व्यवहार चाले तो बव्हंशी आगबोटीच्या मार्गाने चाले, हे ध्यानी घेतल्यावाचून चित्रपटासारख्या सर्वथा नागर कलेशी कोकणातील माणसाचा संबंध कसा जडला याचा उलगडा होत नाही. जयगडच्या अथवा रत्नागिरीच्या बंदरात पडावातून आगबोटीवर चढावयाचे, मुंबईस धक्क्यावर उतरावयाचे, पांढरपेशा असल्यास गिरगावातील एखाद्या चाळीत आणि अंगमेहनतीचे काम मिळवावयाचे असल्यास गिरणगावातील एखाद्या खोलीत आप्तांच्या आधाराने पथारी टाकावयाची, आणि शिमग्यास किंवा गणपतीस जशी रजा मिळेल तसे गावी येऊन जावयाचे, हा चाकरमान्यांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. आता मूकपटाच्या इतिहासाचा नकाशा मांडून पाहिला तर असे दिसते की, ज्या कॉरोनेशन चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला ते गिरगावात सँडहर्स्ट रोडवर होते. ज्या वेस्ट एंडमध्ये १९१७ साली ‘लंकादहन’ पाहण्यास गर्दी लोटली तेही गिरगावातच. आणि ज्या मॅजेस्टिकमध्ये १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’ लागला, त्याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग उघडले. मूकपटाचा उदय आणि अस्त कोकणच्या माणसाने आपल्या बिऱ्हाडापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. किंबहुना फाळक्यांच्याही आधी एक वर्ष, १८ मे १९१२ रोजी, याच कॉरोनेशनमध्ये ‘पुंडलिक’ दाखविणारे दादासाहेब तोरणे हे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील मालवणकडचेच होत.

या प्रकरणात मूकपटाच्या त्या काळाविषयी लिहावयाचे आहे, जेव्हा ही कला आपल्या सामर्थ्याच्या आणि मिळकतीच्या शिखरावर पोचली होती. म्हणजे स्थूलमानाने १९१७ पासून १९३१ पर्यंतचा काळ. बोलपटाच्या सवयीने आपली दृष्टी अशी काही बनून गेली आहे की, मूकपट म्हणजे वाचा फुटण्याची वाट पाहत असलेले चित्र, अशीच समजूत आपण मनात बाळगतो. ही समजूत मला सर्वथा चुकीची वाटते, आणि तिचे निराकरण होण्यासाठी प्रथम मूकपट प्रत्यक्षात दाखविला कसा जाई हेच जरा जवळून पाहिले पाहिजे.

पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात, आणि त्या काळी कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवून सेकंदास साधारणतः सोळा ते अठरा चित्रे घेतली जात; तेव्हा सेकंदास एक फूट असा ढोबळ हिशेब धरला तर ‘राजा हरिश्चंद्र’ची सुमारे ३,७०० फुटांची फीत तासाभरात उलगडून संपते. दाखविणाऱ्याच्याही हाती हँडलच असल्यामुळे युद्धप्रसंगी त्याने हात चालवावा आणि शोकप्रसंगी आवरावा, इतकी मोकळीक त्याला असे. पडद्यासमोर पेटी-तबलजी बसलेले असत. दोन दृश्यांमध्ये मजकुराच्या पाट्या येत, आणि त्या एकाच पाटीवर इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी अशा अनेक भाषांची दाटी झालेली असे. ज्याला वाचता येई तो शेजारच्या निरक्षर प्रेक्षकासाठी त्या मोठ्याने वाचून दाखवी, आणि त्यामुळे पडदा मुका असला तरी चित्रगृह कधीच मुके नसे. फितीवरील रसायनास तांबडा रंग दिसत नसे, म्हणून तांबडे वस्त्र पडद्यावर काळे ठिक्कर उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक होई. मुखलेपापासून पडद्याच्या रंगवणुकीपर्यंत सगळी योजना या मर्यादेचा विचार करून करावी लागे. कलावंताने हाती असलेल्या साधनाची मर्यादा पूर्णपणे ओळखली म्हणजे तिच्यातूनच शैली घडते, आणि मूकपटाच्या बाबतीत ती घडण्यास पुरती पंधरा वर्षेही लागली नाहीत.

फाळक्यांच्या बाबतीत ‘लंकादहन’च्या उत्पन्नाची आख्यायिका सर्वश्रुत आहे, नाण्यांची पोती बैलगाडीत घालून शिपायांच्या पहाऱ्यात नेली, असे सांगतात. या चित्रपटात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. आजच्या वाचकास याचा अचंबा वाटेल. परंतु ज्या कोकणी माणसाने शिमग्यात अंगणोअंगणी फिरणारे नमन-खेळे पाहिलेले असत, पुरुषानेच घेतलेले गवळणीचे सोंग पाहिलेले असे, आणि मुखवटा चढविताच शेजारचा गडी राक्षस होतो हे ज्याच्या अंगवळणी पडलेले असे, त्याला साळुंके यांचे पीळदार दंड सीतेच्या लुगड्यातून दिसले तरी त्यामुळे त्याच्या भक्तिभावास बाध येत नसे. फाळक्यांचे खरे यश मला याच्या पलीकडचे वाटते, आणि त्याचा पुरावा सुदैवाने अद्यापि शिल्लक आहे. १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ जवळजवळ पूर्ण स्वरूपात आज पाहावयास मिळतो. त्याच्या आरंभी फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी नेहमीच्या वेषात कॅमेऱ्यासमोर येते, आणि केवळ मुद्रेवर एकामागून एक भाव उमटवून दाखविते. आणि मग पाहता पाहता त्याच मुलीच्या जागी मोरपीस ल्यालेला बालकृष्ण उभा राहतो. ही मुलगी आहे, आणि हाच आता कृष्ण आहे, असे फाळके प्रेक्षकास आधीच सांगून मोकळे होतात, आणि तरीही पुढे डोहातील प्रसंग सुरू झाल्यावर प्रेक्षकाचा श्वास रोखला जातोच. त्या प्रसंगात पाण्याखाली कृष्ण आणि नाग यांची झुंज, आणि काठावर व्याकूळ झालेले गोकुळ, अशी दोन दृश्ये आलटून पालटून येतात. यशोदेचा आक्रोश ऐकू येत नाही, पण तो किती वेळ चालला आहे हे दोन दृश्यांच्या अंतरावरून डोळ्यांना कळते. काळाचे असे मोजमाप केवळ दृश्यांच्या जोडणीने करणे ही मूकपटाची स्वतःची विद्या होती, आणि ती नाशकात, एका मुद्रणकुशल चित्रकाराच्या घरच्या कारखान्यात, स्वबळावर हस्तगत झाली होती.

तथापि कलेच्या दृष्टीने मराठी मूकपटाचे शिखर शोधावयाचे तर नाशिक सोडून कोल्हापुरास जावे लागते. बाबूराव कृष्णराव मिस्त्री, ज्यांना जग बाबूराव पेंटर या नावाने ओळखते, हे आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात निष्णात होते. फाळक्यांचे चित्रपट पाहून दोघांना या कलेचा ध्यास लागला, आणि विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे तो आपणच तयार करावा असा त्यांनी संकल्प सोडला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या साहाय्याने तो कॅमेरा पुढे पुरा केला. या उद्योगास भांडवल पुरविले ते तानीबाई कागलकर या गायिकेने, आणि पाठबळ दिले ते शाहू छत्रपतींनी. ज्या काळी प्रतिष्ठित सावकार नाटक-सिनेमाच्या वाऱ्यासही उभे राहत नसत, त्या काळी एका कलावतीने आपली पुंजी या अनिश्चित धंद्यात घातली, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या इतिहासात आतापेक्षा ठळक अक्षरांत लिहिली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला. कीचकवधाचा प्रसंग त्यात इतका हुबेहूब उतरला होता की, पुढे सरकारी परीक्षकांनी तो कापावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटाच्या निमित्ताने. रत्नागिरीत जन्मलेल्या या लोकनायकाने फाळक्यांच्या उद्योगाचेही आधी कौतुक केले होते, आणि स्वदेशी या कल्पनेत चित्रपटास स्थान देणाऱ्या पहिल्या पुढाऱ्यांपैकी ते एक होत. १९२३ साली ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ निघाला, ज्यात बाबूरावांनी स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि रात्रीच्या चढाईचा देखावा उभा करण्यासाठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. बाबूरावांच्या हाती रंगाचा कुंचला आधीपासून होता. म्हणून त्यांनी पात्रांच्या वेषांची आणि हालचालींची रेखाटने आधी काढावी, रंगविलेल्या सपाट पडद्याऐवजी खोली असलेले देखावे उभारावे, आणि जाहिरातीची चित्रेही आपल्याच हाताने रंगवावी, हा त्यांचा शिरस्ता पडून गेला. फाळके प्रेक्षकास चमत्कार दाखवीत; बाबूराव त्याला प्रकाश दाखवीत.

परंतु ज्या चित्रपटासाठी मी कोल्हापूरचे नाव सर्वांत वर लिहीन तो पुराणातला नाही आणि इतिहासातलाही नाही. १९२५ साली ना. ह. आपटे यांच्या कथेवरून काढलेल्या ‘सावकारी पाश’मध्ये एका तरुण शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, आणि तो देशोधडीस लागून शहरातील गिरणीत मजूर होतो, इतकीच ती कथा. शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे या तरुणाने केली होती, ज्याचे नाव पुढे व्ही. शांताराम म्हणून देशभर गाजले. सावकार झुंजारराव पवार यांनी उभा केला. हा चित्रपट पाहिलेल्या चित्रपटकार जे. बी. एच. वाडिया यांनी त्यातील एका दृश्याची आठवण नमूद करून ठेवली आहे: अंधारात बुडालेली एक भकास झोपडी, आणि तिच्यापाशी तोंड वर करून विव्हळणारे कुत्रे. पडदा मुका आहे. कुत्र्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. पण अनेक वर्षांनंतर लिहिताना वाडियांच्या स्मरणात ते विव्हळणेच उरलेले आहे. प्रेक्षकाच्या कानात आवाज आपोआप उमटावा इतके सामर्थ्य नुसत्या काळोखाच्या मांडणीत यावे, याहून मूकपटाच्या परिपूर्णतेचे दुसरे प्रमाण कोणते द्यावे?

आणि ही कथा मालगुंडच्या, किंबहुना कोणत्याही कोकणी चाकरमान्याच्या, किती निकटची होती याचा विचार करावा. रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धत होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत हा वसुलाचा धनी, आणि १८८० च्या खोती कायद्याने त्या नात्यास दस्तऐवजांचे रूप दिलेले. भाताची दुबार पिके घेण्यासारखी जमीन थोडी, वरकस अधिक. एखादे साल पाऊस चुकला की खंडाची बाकी, बाकीवर व्याज, व्याजापोटी गहाणखत, आणि मुदत टळली की फिर्याद, हुकूमनामा आणि जप्ती, ही मालिका कुळाला पाठ असे. घरातला एक गडी मुंबईस जाऊन मनिऑर्डर पाठवू लागला तरच चूल पेटती राही. कोल्हापूरच्या पडद्यावरील तो शेतकरी देशावरचा होता, त्याचे शेत काळ्या मातीचे होते. पण शहराच्या वाटेला लागलेले त्याचे पाऊल हे जयगडच्या पडावात टाकलेले पाऊलच होते. देवादिकांच्या लीला पाहण्यास सरावलेल्या समाजासमोर त्याचेच रोजचे दैन्य एखाद्या अनुभवी चित्रकाराच्या नजरेने मांडण्याचे हे धाडस व्यापारी दृष्ट्या फारसे फळले नाही, याचे दुःख बाबूरावांना झालेच असेल; परंतु सामाजिक आशयाचा भारतीय चित्रपट येथून सुरू होतो, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

व्यापाराचे शिखर मुंबईत होते. द्वारकादास संपट यांची कोहिनूर, अर्देशीर इराणी यांची इंपीरियल, १९२५ साली निघालेली शारदा, अशा कंपन्या १९२० नंतरच्या दशकात एकीमागून एक चित्रपट काढीत सुटल्या. १९२१ साली संपटांनी ‘भक्त विदुर’ काढला, आणि त्यात स्वतः विदुराच्या वेषात ते गांधीजींची इतकी आठवण करून देत की, मद्रासेत आणि सिंधमध्ये त्यावर बंदी आली. १९१८ च्या कायद्यान्वये १९२० पासून मुंबईत परीक्षण मंडळ बसलेच होते, आणि १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणूक कराचीही आकारणी सुरू झाली. सरकारदरबारी एखाद्या धंद्यावर परवाना आणि कर या दोन्ही मोहोरा उमटल्या म्हणजे तो धंदा नावारूपास आला असे खुशाल समजावे. रूबी मायर्स ही टेलिफोनच्या कचेरीत काम करणारी तरुणी ‘सुलोचना’ या नावाने पडद्यावर आली आणि तिची लोकप्रियता इतकी वाढली की, तिचा दरमहा पगार पाच हजार असल्याचे लोक सांगत. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या १९२७ सालच्या चित्रपटात तिने आठ वेगवेगळी रूपे घेतली. फातमा बेगम यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ स्वतः दिग्दर्शित केला. कोल्हापुरात उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल शारदाच्या चित्रपटांतून तलवार फिरवीत घोड्यावरून उड्या घेऊ लागले, आणि गिरणगावातील प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. या मारधाडीच्या चित्रपटांस कलेच्या इतिहासकारांनी उपेक्षेने वागविले आहे. मला ती उपेक्षा अन्यायाची वाटते. कारण शरीराच्या निखळ गतीतून कथा पुढे नेण्याचे कसब त्यांत होते, आणि दिवसभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसास त्या गतीतून मिळणारा आनंद क्षुद्र म्हणण्याचा अधिकार कोणास पोचत नाही.

या भरभराटीची अधिकृत तपासणीही झाली. १९२७ च्या ऑक्टोबरात सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिने देशभर फिरून साडेतीनशेहून अधिक साक्षी नोंदविल्या, ज्यांत फाळक्यांचीही होती. ब्रिटिश साम्राज्यात तयार झालेल्या चित्रपटांस हिंदुस्थानात झुकते माप मिळावे हा विलायतेचा अंतस्थ हेतू. परंतु समितीने १९२८ च्या आपल्या अहवालात तसे झुकते माप देण्यास नकार दिला, उलट कोऱ्या फितीवरील आयात जकात काढून टाकावी अशी देशी धंद्याच्या हिताची शिफारस केली. दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी सुमारे ८५ टक्के परदेशी, आणि तेही मुख्यतः अमेरिकन, असल्याचे समितीस आढळले. पण देशी चित्रपट लागला की बहुसंख्य प्रेक्षक तिकडेच वळतात, हेही साक्षींतून स्पष्ट झाले. मजकुराच्या पाट्या बदलल्या की तीच फीत कराचीपासून रंगूनपर्यंत चाले. सबंध देश ही एकच पेठ होती, आणि कोल्हापुरात काढलेल्या चित्रास लाहोरात परके म्हणणारा कोणी नव्हता.

याच वर्षांत पाश्चात्य देशांतही ही कला मध्यान्ही आली होती. जर्मन दिग्दर्शक मुर्नाव याने १९२४ साली ‘द लास्ट लाफ’मध्ये पाट्यांचा वापर जवळजवळ टाळून एका वृद्ध द्वारपालाचे दुःख सांगितले; १९२५ साली आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ आला, १९२७ साली मुर्नावचाच ‘सनराइज’, आणि १९२८ साली ड्रायरने जोन ऑफ आर्कच्या चेहऱ्यावर सारा चित्रपट तोलून धरला. चॅप्लिनने तर बोलपट आल्यावरही हट्टाने ‘सिटी लाइट्स’ मूकच ठेवला. तो १९३१ च्या जानेवारीअखेर अमेरिकेत झळकला, म्हणजे ‘आलम आरा’च्या आधी अवघा दीड महिना. ‘सावकारी पाश’ आणि ‘पोटेम्किन’ एकाच वर्षीचे आहेत, याचा उल्लेख बरोबरी सांगण्याच्या अभिमानाने करीत नाही. पोटेम्किनची फीत हाती आहे, दुसरी नाही, आणि न पाहिलेल्याचा तोल करता येत नाही. पण दोन दूरच्या मुलखांत, एकमेकांची वार्ताही नसताना, श्रमिकाचे जीवन पडद्यावर आणण्याची निकड दोघा कलावंतांस एकाच वेळी भासली, एवढे तरी नोंदवलेच पाहिजे.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पहिला ‘गोपाळ कृष्ण’ मूकच होता. शिवचरित्रावरील १९३० चा चित्रपट ‘स्वराज्याचे तोरण’ या नावाने परीक्षकांकडे गेला आणि स्वराज्य या शब्दावरच तो अडला. नाव ‘उदयकाल’ केल्यावर परवानगी मिळाली. मूकपट सरकारला मुका वाटत नव्हता, हे यावरून दिसते. प्रभातचे हे तरुण आता तंत्रात बाबूरावांच्याही पुढे चालले होते, आणि नेमक्या याच घडीस ध्वनीचे यंत्र येऊन थडकले. ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल हेच होते, पण त्यांचे उर्दू उच्चार जमेनात म्हणून त्यांची भूमिका बहुतांशी अर्धवट शुद्धीतली ठेवावी लागली; सुलोचनेस काही काळ काम थांबवून हिंदुस्थानी शिकावी लागली, तेव्हा कुठे १९३२ साली ‘माधुरी’तून ती परतली. पेटी-तबलजींची नोकरी गेली. एक पेठ होती तिच्या भाषावार वाटण्या झाल्या. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला तो मराठीत आणि हिंदीत अशा दोन्ही आवृत्त्या करूनच. त्याच वेळी मराठी प्रेक्षकास आपली भाषा, आपले गाणे पडद्यावरून ऐकावयास मिळाले, आणि गिरगावातील आईबहिणींना पाटी वाचून दाखविणारा शेजारी लागेनासा झाला, हा लाभ लहान नव्हता. तो मान्य करूनही, १९३१ साली थांबलेली कला आपले म्हणणे संपवून थांबली नव्हती, असे माझे ठाम मत आहे.

भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले असे समजतात. त्यांपैकी पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपाने शिल्लक असलेले बोटांवर मोजता येतील इतके थोडे आहेत. फीत नायट्रेटची असे आणि सहज पेट घेई; ज्या फिती आगीतून वाचल्या त्यांतील बऱ्याच त्यांच्यावरील चांदीसाठी गाळल्या गेल्या. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या १९२७ च्या चित्रपटांचे काही अंश उरले आहेत, आणि बाबूरावांची प्रकाशयोजना आज प्रत्यक्ष पाहावयाची तर तेथेच पाहावी लागते. ‘सावकारी पाश’ त्यांनी स्वतःच १९३६ साली शालिनी सिनेटोनसाठी बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढला, त्याच कथेने आणि त्याच विषयाने. १९२५ ची मूळ फीत मात्र उरली नाही. ती झोपडी आणि ते कुत्रे आता वाडियांच्या लेखणीतूनच आपल्याला भेटतात. कोकणातील खोती पद्धत ज्या कायद्याने रद्द झाली तो मुंबई सरकारने १९४९ साली मंजूर केला, चित्रपट निघाल्यानंतर चोवीस वर्षांनी.